साइन्ड ओव्हरफ्लोची वॉर्निंग: कास्ट टाकून गप्प करण्याआधी

चवथीच्या आदल्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राने टँकरचे बिल छापले: उणे २१,४४५ रुपये ६७ पैसे. दूध होते ५१२ लिटर, दर लिटरला ४२ रुपये. बिल व्हायला हवे होते २१,५०४ रुपये. आदल्या दिवसापर्यंत कसलीच तक्रार नव्हती, कारण केंद्राचे दूध कधी ५११ लिटरच्या वर गेलेच नव्हते. शेजारच्या वाड्यावरचे दूधही तिथेच यायला लागले आणि हिशेब उलटला.

कोड आमचाच होता, सी भाषेतला. आणि लाज वाटण्याची गोष्ट अशी, की कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, याची वॉर्निंग तीन महिने आधीच दिली होती. ती आली होती चाचणीच्या फाइलीत. तिथे कोणीतरी ५१२ लिटरचा आकडा थेट लिहिला होता, वॉर्निंग आली, म्हणून त्याने तो ५०० केला. वॉर्निंग गेली, बिलाची ओळ होती तशीच राहिली.

त्यानंतर आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तीच ओळ दुरुस्त करायला देतो. दहातले आठजण पहिल्या खेपेला चुकतात, आणि तेही ठरलेल्या चार-पाच पद्धतींनीच. म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे. कोडमधले शब्द आणि कंपायलरचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते नेहमीच्या लिपीतच करायचे. ती ओळ अशी:

    इंट पैसे = मिली * दर / १०००;

मिली म्हणजे मिलीलिटरमध्ये दूध, दर म्हणजे लिटरमागे पैसे. ५,१२,००० गुणिले ४,२०० म्हणजे २,१५,०४,००,०००. ३२ बिटी इंटमध्ये (इंट म्हणजे पूर्णांक ठेवायचा टाइप) मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. हजाराने भागल्यावरचे उत्तर इंटमध्ये आरामात मावते, पण भागाकाराची पाळी येण्याआधीच गुणाकार फुटलेला असतो. उणे आणि धन दोन्ही आकडे ठेवणाऱ्या, म्हणजे साइन्ड, टाइपची मर्यादा अशी ओलांडली जाणे हाच साइन्ड ओव्हरफ्लो. फक्त शून्य आणि धन आकडे ठेवणारा तो अनसाइन्ड.

## ० : हात लावण्यापूर्वीची तयारी

तीन गोष्टी कागदावर लिहा. कोड कोणत्या चिपवर किंवा मशीनवर चालणार, तिथे इंट किती बिटांचा, आणि लाँग हा दुसरा पूर्णांक टाइप किती बिटांचा. हे पाठ आहे असे समजू नका. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचा. आर्डुइनो उनोसारख्या एव्हीआर बोर्डावर इंट फक्त १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. त्या बोर्डासाठी ‘६० * १०००’ एवढे लिहिले तरी ओव्हरफ्लो होतो आणि उत्तर उणे ५,५३६ येते. तीच ओळ लॅपटॉपवर कंपाइल केली तर कंपायलर चकार शब्द काढत नाही.

मग आधीचे बिल्ड (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइली) पूर्ण पुसून नव्याने करा. अर्धवट बिल्डमध्ये फक्त बदललेल्या फाइली कंपाइल होतात, बाकीच्यांच्या वॉर्निंग दिसतच नाहीत. पर्याय हे ठेवा: -डब्ल्यूऑल, -डब्ल्यूएक्स्ट्रा आणि -ओ२. शेवटचा गाळू नका. काही वॉर्निंग ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) कामाला लागल्यावरच सुचतात, -ओ०वर त्या येत नाहीत.

तपासणी: आर्डुइनो आयडीई वापरत असाल तर सेटिंगमध्ये कंपायलर वॉर्निंगचा पर्याय बंद तर नाही ना, ते बघा. ‘माझ्याकडे एकही वॉर्निंग नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या कोडची स्थिती एवढीच असते.

## १ : वॉर्निंग कोणत्या जातीची ते ओळखा

सगळ्यांना सरसकट ‘ओव्हरफ्लोची वॉर्निंग’ म्हटले की उपायही सरसकट होतो.

पहिली जात: ‘इंटिजर ओव्हरफ्लो इन एक्स्प्रेशन’. ही आपोआप चालू असते आणि दोन्ही आकडे कंपाइल करतानाच माहीत असतील तेव्हाच येते. ही कधीही खोटी नसते. पण ती फक्त तिथले ठरावीक आकडे बघते. तोच गुणाकार चल मूल्यांवर दुसरीकडे होत असेल तर तिथे कंपायलर गप्प असतो. त्यामुळे ही वॉर्निंग दिसली की तेच सूत्र प्रकल्पात आणखी कुठे आहे ते आधी शोधा. आम्ही नेमके हेच केले नव्हते.

दुसरी जात रूपांतराची: मोठ्या टाइपमधले मूल्य लहानात कोंबणे, किंवा साइन्ड आणि अनसाइन्ड यांची तुलना. तुलनेची वॉर्निंग सी भाषेत -डब्ल्यूएक्स्ट्रामध्ये येते. रूपांतराची -डब्ल्यूकन्व्हर्जन वेगळी मागावी लागते, ती ऑल आणि एक्स्ट्रा या दोन्हींत नाही. जुन्या प्रकल्पावर ती एकदम लावली तर शेकड्यांनी ओळी येतात आणि माणूस घाबरून सगळेच बंद करतो. ज्या फाइलीत काम करणार तेवढीच लावा.

तिसरी जात लूपची: ‘अमुक फेरीला अनडिफाइन्ड बिहेविअर होते’. ही दिसली की हातातले काम सोडून आधी तिच्याकडे वळा. याचा अर्थ कंपायलरला लूपमधला दोष सिद्ध करता आला आहे, आणि ‘असे कधी होणारच नाही’ या गृहीतावर तो लूपची रचना बदलायला मोकळा आहे. लूप संपण्याची अटच गायब झालेली मी पाहिली आहे.

सावधान: सी भाषेत साइन्ड ओव्हरफ्लो म्हणजे ‘आकडा फिरून उणे होतो’ असे नाही. भाषेने त्याचे काहीच ठरवलेले नाही. उणे बिल छापले गेले हे आमचे नशीब. अनसाइन्डचे मात्र ठरलेले आहे, तो शून्यावरून पुन्हा मोजायला लागतो.

## २ : आवाका कागदावर मांडा

हा टप्पा सगळे गाळतात. मी तर म्हणेन, दुरुस्ती इथेच होते, बाकी नुसते टायपिंग.

सूत्रातल्या प्रत्येक राशीसमोर तिची खरोखर शक्य असलेली कमाल आणि किमान किंमत लिहा. ‘आज किती येते’ ही नव्हे. केंद्राच्या चालकाला विचारा: टाकी किती लिटरची? दर वाढून कुठवर जाऊ शकतो? आमच्या बाबतीत टाकी २,००० लिटर आणि दराची मर्यादा आम्ही १०० रुपये धरली. म्हणजे २०,००,००० मिलीलिटर गुणिले १०,००० पैसे, एकूण २०,००,००,००,०००. दोन हजार कोटी. इंटच्या कमाल आकड्याच्या नऊ पटींहून अधिक.

मग सूत्राचे तुकडे पाडा आणि प्रत्येक मधल्या उत्तराची कमाल लिहा. फक्त शेवटच्या उत्तराची लिहिली तर २,००,००,००० पैसेच दिसतात, म्हणजे ते ‘मावते’. फसगत मधल्या पायरीवर असते. त्यानंतर ६४ बिटी टाइपकडे बघा: कमाल सुमारे ९.२ गुणिले दहाचा अठरावा घात. दोन हजार कोटी त्यात कुठल्या कुठे हरवतात. म्हणजे इथे रुंद टाइप पुरे, वेगळ्या तपासणीची गरज नाही. हा निर्णय कागदावर होतो, कोडमध्ये नव्हे.

तपासणी: एखाद्या राशीची कमाल किंमत सांगता येत नसेल, म्हणजे ती फाइलीतून, कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून येत असेल, तर तिच्यासमोर फुली मारा. तिचा विचार टप्पा ५मध्ये.

## ३ : सॅनिटायझर लावून ओळ पकडा

वॉर्निंग कंपाइल करताना दिसते, खरा ओव्हरफ्लो चालताना होतो. दोन्हींमधला पूल म्हणजे सॅनिटायझर, प्रोग्रॅम चालताना चूक पकडणारी तपासणी: -एफसॅनिटाइज=साइन्ड-इंटिजर-ओव्हरफ्लो. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आहे. सोबत -जी द्या, म्हणजे ओळ क्रमांक मिळेल. हा पर्याय कंपाइलला आणि लिंकलाही (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) द्यावा लागतो. फक्त कंपाइलला दिला की लिंकर अनोळखी नावांची यादी ओकतो आणि लोक तिथूनच परत फिरतात.

संदेश सरळ असतो: फाइल, ओळ, आणि ‘५१२००० * ४२०० हे इंट टाइपमध्ये मांडता येत नाही’ अशा अर्थाचे वाक्य. पण छापून झाल्यावर प्रोग्रॅम पुढे चालू राहतो, त्यामुळे शंभर ओळींच्या आउटपुटमध्ये संदेश हरवतो. म्हणून -एफनो-सॅनिटाइज-रिकव्हर=साइन्ड-इंटिजर-ओव्हरफ्लो हेही जोडा. पहिल्याच ठेचेला प्रोग्रॅम थांबेल.

छोट्या चिपवर सॅनिटायझर सहसा चालवता येत नाही. हिशेबाची फंक्शने वेगळ्या फाइलीत काढा आणि ती लॅपटॉपवर तपासा. सेन्सर, डिस्प्ले, प्रिंटर यांची त्यात सरमिसळ नको. इथे एक खाच आहे. लॅपटॉपवर दोन १६ बिटी साइन्ड राशींचा गुणाकार आधी ३२ बिटी इंटमध्ये चढवून होतो, म्हणून सुटतो. एव्हीआरवर इंटच १६ बिटी, तिथे तोच गुणाकार फुटतो. तेव्हा एव्हीआरसाठीच्या कोडला लॅपटॉपवरचा हिरवा कंदील पुरेसा समजू नका, टप्पा २चा कागद पुन्हा काढा.

सावधान: हा पर्याय अनसाइन्डचे फिरणे पकडत नाही, आणि ६४ बिटी मूल्य ३२ बिटीत कोंबले तरी बोलत नाही. क्लँगमध्ये या दोन्हींसाठी वेगळे सॅनिटायझर आहेत, ते नावानिशी मागावे लागतात.

## ४ : आधी रुंद करा, मग गुणा

आता ओळ दुरुस्त करायची. चुकीच्या दुरुस्त्या आधी दाखवतो, कारण पहिल्या झटक्यात त्याच सुचतात.

    इंट६४_टी पैसे = मिली * दर / १०००;

डावीकडचे भांडे मोठे केले, पण उजवीकडचा गुणाकार अजूनही इंट गुणिले इंटच आहे. फुटलेले उत्तर मोठ्या भांड्यात नीट ठेवले, एवढेच. सर्वांत जास्त वेळा हीच चूक होते.

    इंट६४_टी पैसे = (इंट६४_टी)(मिली * दर) / १०००;

कास्ट (मूल्याचा टाइप बदलण्याची सूचना) टाकला, पण गुणाकार झाल्यावर. कंसाने घात केला. ही जास्त धोक्याची, कारण वाचणाऱ्याला ‘इथे काळजी घेतलेली आहे’ असे वाटते आणि तपासणाराही पुढे जातो.

    इंट पैसे = मिली / १००० * दर;

आधी भागले, त्यामुळे ओव्हरफ्लो नाही. पण ५,१२,७५० मिलीलिटरमधले ७५० मिलीलिटर गेले. म्हणजे ३१ रुपये ५० पैसे गेले, तेही कुणाला कळल्याशिवाय. उणे बिल निदान लक्षात तरी येते.

अनसाइन्ड करणे हा आणखी एक लाडका उपाय. मर्यादा दुप्पट होते, प्रश्न तोच राहतो. १,०२३ लिटरचे बिल मग १६ रुपये ३२ पैसे येते, आणि आकडा धन असल्याने कोणाच्या भुवया चढत नाहीत. शिवाय पुढे कुठे वजाबाकी असेल, किंवा ‘आय >= ०’ अटीचा उलटा लूप असेल, तर तो कधीच थांबत नाही. साधा फ्लोट तर नकोच. त्यात १,६७,७७,२१६च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक बसत नाही, आणि पैशाच्या हिशेबात ते चालणार नाही. लाँगही नको, कारण टप्पा ०मध्ये लिहिलेच आहे.

बरोबर दुरुस्ती:

    इंट६४_टी पैसे = (इंट६४_टी)मिली * दर / १०००;

गुणाकाराच्या एका बाजूला कास्ट, कंसाशिवाय. दुसरी बाजू आपोआप ६४ बिटीत चढते. तीन राशींचा गुणाकार असेल तर कास्ट सर्वांत डावीकडच्या राशीला, कारण गुणाकार डावीकडून सुरू होतो. कोडमध्ये थेट लिहिलेल्या आकड्यांसाठी कास्टऐवजी प्रत्यय: टप्पा ०मधल्या एव्हीआरवरच्या गुणाकाराला ‘६०यूएल * १०००’ लिहिले की झाले.

एवढ्यावर उठू नका. मूल्य पुढे कुठे कुठे जाते त्याचा माग काढा. बिल परत करणारे फंक्शन इंट परत करत असेल तर रुंद केलेले सगळे तिथे पुन्हा कापले जाईल. छापणाऱ्या ओळीत ‘%डी’ तसाच असेल तर कचरा छापला जाईल. -डब्ल्यूऑल त्याची वॉर्निंग देतो, ती वाचा आणि इंटटाइप्स हेडरमधला ६४ बिटीचा मॅक्रो वापरा. आणि मूल्य एखाद्या स्ट्रक्टमधून (अनेक फील्डांची एकत्र नोंद) ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) किंवा फाइलीत साठवले जात असेल तर थांबा. फील्ड चार बाइटांवरून आठ केले की पुढची सगळी फील्डे सरकतात आणि जुन्या नोंदी भलत्याच वाचल्या जातात. आम्ही बिल दुरुस्त केले आणि मागच्या पंधरवड्याच्या नोंदी विस्कटल्या. साठवण्याच्या रचनेला आवृत्ती क्रमांक नसेल तर तो आधी घाला, फील्ड मग रुंद करा.

तपासणी: दुरुस्तीनंतर ५,११,३०५ आणि ५,११,३०६ मिलीलिटर, दर ४,२०० पैसे, या दोन नोंदी चालवा. जुना कोड पहिल्या नोंदीला बरोबर आणि दुसऱ्या नोंदीला चूक ठरतो. नव्याने दोन्हींना बरोबर उत्तर द्यायला हवे.

## ५ : बाहेरून येणाऱ्या आकड्यांना दारातच अडवा

फुली मारलेल्या राशी आता घ्या. रुंद टाइप हे इथे उत्तर नाही. बाहेरचा माणूस कितीही मोठा आकडा टाकू शकतो, किंवा पावसात वीज जाऊन आल्यावर सिरियल लाइनवरून कचरा येऊ शकतो.

मजकुरातून आकडा वाचताना एटॉय हे फंक्शन वापरू नका. मूल्य मावले नाही तर काय होईल हे त्याच्यासाठी भाषेने ठरवलेलेच नाही. स्ट्रटोल वापरा, त्याआधी एरनो (चुकीचा प्रकार नोंदवणारे चल) शून्य करा, आणि नंतर ते ईरेंज (आकडा मावत नाही) झाले का ते बघा. मग लगेच व्यवहारातली मर्यादा लावा: दूध ० ते २०,००,००० मिलीलिटर, बाहेरचे नामंजूर. ही एक अट दारात असली की आतल्या दहा तपासण्या वाचतात.

तरीही बेरीज किंवा गुणाकार सुरक्षित आहे की नाही ते ऐनवेळी तपासायचे असेल, तर तपासणी आधी करा. नंतर केलेली तपासणी, म्हणजे ‘अ + ब < अ असेल तर ओव्हरफ्लो’, ही अनेक पुस्तकी उत्तरांत दिसते. साइन्ड राशींसाठी ती निरुपयोगी आहे. ओव्हरफ्लो होतच नाही असे गृहीत धरून कंपायलर ती अख्खी अट उडवू शकतो, आणि -ओ२वर उडवतो. डीबग बिल्डमध्ये चाचणी पास, ग्राहकाकडे नापास.

ब धन असेल तेव्हा ‘अ > इंट_मॅक्स - ब’ ही अट बरोबर, कारण त्यात बेरीज होतच नाही. ऋण ब असेल तर ‘अ < इंट_मिन - ब’. गुणाकारासाठी अशा अटी चिन्हांच्या चार जोड्यांमुळे फार किचकट होतात. त्या हाताने लिहू नका. जीसीसी ५पासून आणि क्लँगमध्ये __बिल्टइन_मल_ओव्हरफ्लो आहे, आणि सी२३मध्ये तेच सीकेडी_मल या नावाने एसटीडीसीकेडिंट हेडरमध्ये आले आहे.

    जर (सीकेडी_मल(&गुणाकार, मिली, दर)) चूक_कळवा();

सावधान: ही फंक्शने ओव्हरफ्लो झाला तर सत्य परत करतात. ‘सत्य म्हणजे यश’ समजून अट उलटी लिहिणे फार सोपे आहे. आणि ओव्हरफ्लो झाल्यावर गुणाकार या चलात कापलेले मूल्य बसलेले असते, ते पुढे वापरू नका.

ओव्हरफ्लो सापडल्यावर काय करायचे? तापमानाच्या डिस्प्लेवर कमाल आकडा दाखवून थांबले तरी चालते. बिलात ते चालत नाही. तिथे बिल छापूच नये, नोंद अडवावी आणि माणसाला बोलवावे.

## ६ : आडवळणाच्या जागा

बेरीज-गुणाकार सोडून इतरत्रही हाच दोष लपतो. शोध घेताना या जागा बघा.

१. दोन १६ बिटी अनसाइन्ड राशींचा गुणाकार. नाव अनसाइन्ड, पण ३२ बिटी मशीनवर दोन्ही आधी साइन्ड इंटमध्ये चढतात. ४६,३४१चा वर्ग केला की इंट ओलांडला. सेन्सरच्या वाचनाचे वर्ग करून सरासरी काढणाऱ्या कोडमध्ये हे हमखास असते. एका बाजूला यूइंट३२_टीचा कास्ट द्या.

२. मधला निर्देशांक. ‘(खाल + वर) / २’ ऐवजी ‘खाल + (वर - खाल) / २’.

३. किमान मूल्याची उलटापालट. इंट_मिनला उणे लावणे, त्याचा अ‍ॅब्ज घेणे, त्याला उणे एकने भागणे, तिन्ही ठिकाणी उत्तर इंटमध्ये नसते. शेवटच्याने एक्स८६वर प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो.

४. ‘१ << ३१’. बिटांच्या खेळासाठी नेहमी ‘१यू << ३१’.

५. वेळ. आर्डुइनोचे मिलिस, म्हणजे सुरू झाल्यापासूनचे मिलीसेकंद, सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येते. ‘आता >= सुरुवात + अंतर’ ही तुलना तिथे फसते. ‘आता - सुरुवात >= अंतर’ लिहा आणि तिन्ही राशी अनसाइन्ड लाँगच ठेवा. अनसाइन्डचे फिरणे इथे आपल्या बाजूने काम करते. कोणी ‘सुधारणा’ म्हणून त्या साइन्ड केल्या तर यंत्र पंचवीस दिवसांच्या आतच रुसते.

## ७ : -एफरॅपव्ही कधी

या पर्यायाने साइन्ड ओव्हरफ्लोही अनसाइन्डसारखा फिरतो असे ठरते. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस तो वापरतो, लिनक्स कर्नल त्याच वळणाचा -एफनो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो वापरते, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण त्याने फक्त कंपायलरची मनमानी थांबते, आमचे बिल उणेच छापले गेले असते. जुना, मोठा, दुसऱ्याचा कोड ताब्यात आला असेल तर पहिल्या दिवशी लावा आणि त्याआड टप्पा १पासून काम सुरू करा. स्वतःच्या नव्या कोडमध्ये मला तो नको असतो.

## ८ : एकेक दुरुस्ती, एकेक कमिट

वीस वॉर्निंग एका कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाची एक नोंद) मिटवू नका. प्रत्येक दुरुस्तीसोबत मर्यादेच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन चाचण्या जोडा, आणि कमिटच्या संदेशात टप्पा २च्या कागदावरची कमाल किंमत लिहा: ‘टाकी २,००० लिटर, दर १०० रुपयांपर्यंत’. उद्या टाकी बदलली तर पुढच्या माणसाला कुठे बघायचे ते कळेल.

फाइलीतल्या सगळ्या वॉर्निंग मिटल्या की त्या फाइलीपुरता -डब्ल्यूएरर लावा, म्हणजे नवी वॉर्निंग आली की बिल्डच अडेल. आणि चाचणीतला आकडा लहान करून बिल्ड पुढे सरकवणारा कमिट दिसला, तर तो मर्ज करू नका.